भाताआधी बर्फ

पहाटेची नमाज झाली की चहा उकळेपर्यंत मी या वहीत चार ओळी लिहिते. काल काय शिजलं, कोण आजारी पडलं, कुणासाठी दुआ मागायची राहून गेली, एवढंच. आज चहा उकळून आटला तरी मी लिहितेच आहे. नवरा दोनदा डोकावून गेला, मग त्याने दुसरं आधण ठेवलं. कालच्या लग्नात तोही होता. यू पानियेमबद्दल लिहून झाल्याशिवाय मला घास जायचा नाही, हे त्याला ठाऊक आहे.

आमच्या गल्लीत लहानथोर बायका तिला यू म्हणतात, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं. साठी उलटली आहे. बुटकी, रुंद खांद्यांची, धुराने डोळे कायमचे बारीक झालेली. क्लातेन जिल्ह्याच्या या अंगाला चार-पाच गावांत कुठेही लग्न ठरलं, की मुलीच्या घरचा माणूस पहिली खेप हिच्या दारात घालतो. कारण लग्नघरच्या परसात बांबूच्या भिंतीआड गल्लीतल्या चाळीस-पन्नास बायका तीन दिवस राबतात, आणि त्या सगळ्यांवर शब्द चालतो तो यू पानियेमचा. भात तर ती दुसऱ्या कुणाला करूच देत नाही. पहाटे न्हाऊन, बिस्मिल्ला म्हणून तांदूळ धुते आणि भात उतरून वाढला जाईपर्यंत पाण्याचा थेंब घेत नाही. मी एकदा विचारलं, यू, हा कसला रोजा? म्हणाली, रोजा कसला, मी जेवले तर मला घाई राहणार नाही, आणि मला घाई नसली की भात गिचका होतो.

तिचा नवरा सास्त्रो, सगळे त्याला मानाने पाक सास्त्रो म्हणतात, शाळेतून निवृत्त झालेला. पण त्याला ओळखतात ते मास्तर म्हणून नव्हे. चाळीस वर्षं या भागातल्या लग्नांत माइक त्याच्या हातात होता. वधू-वर आले, आईबाप बसले, पाया पडून झालं, हे सगळं तो दरबारी बोलीत, लांबलचक गोड वाक्यांत सांगायचा. लोक जेवायला येत तसे त्याला ऐकायलाही येत. तो पुढे मांडवात रेशमी कोटात, ती मागे परसात चुलीशी. मधे बांबूची भिंत.

त्या भिंतीतून दोघांचं काम चालायचं. आमच्याकडे पाहुणा बसल्या जागी जेवतो आणि ताटं त्याच्याकडे येतात, ठरलेल्या क्रमाने. आधी गोड चहा आणि खाऊ. मग सूप. मग भात. आणि सगळ्यात शेवटी बर्फाचा पेला, फळांच्या फोडी आणि लाल सरबत घातलेला. बर्फ हातात आला की पाहुणा समजतो, उठायची वेळ झाली. तो दोन घोट घेतो, वधू-वरांना हात जोडतो आणि घरी जातो. कुणी कुणाला जा म्हणत नाही. बर्फच म्हणतो.

आता मागे चुलीशी बसलेल्या बाईला कसं कळायचं, पुढे काय चाललंय? भोंग्यातून पाक सास्त्रोचं बोलणं यायचं आणि यू पानियेम त्यातले शब्द टिपायची. वधूची आई आशीर्वाद देते असं तो म्हणाला, की हंड्याच्या झाकणावर पळीचे दोन ठोके. दोन ठोके म्हणजे भात. शेवटी तो घरधन्याच्या वतीने पाहुण्यांची क्षमा मागायचा. "मी आणि माझी कोंचो विंगकिंग, आमच्या हातून काही उणं राहिलं असेल तर पोटात घाला." ते दोन शब्द भोंग्यातून आले रे आले, की झाकणावर तीन ठोके. बर्फ. वाढपी ताटं उचलायचे. चाळीस वर्षांत एकदाही चुकलं नाही.

या दोन शब्दांची कथा यू पानियेम दर लग्नात सांगते, कांदे सोलताना. सतराव्या वर्षी ती सून होऊन आली, शाळा तिसरीपर्यंतच. नवरा अंगणात येरझारा घालत भाषण घोकायचा आणि ही आत चुलीशी बसून ऐकायची. महिन्याभरात त्याच्याआधी हिलाच पाठ. तो अडला की ही आतून पुढचा शब्द टाकायची. एकदा तिने विचारलं, हे कोंचो विंगकिंग काय असतं. त्याने मास्तरासारखं समजावलं. कोंचो म्हणजे सोबती, विंगकिंग म्हणजे मागचं. मागची सोबतीण. जुन्या पोथ्यांत थोर माणसं पाहुण्यापुढे आपल्या बायकोबद्दल असं बोलतात. स्वतःकडे लहानपणा घ्यायची ती रीत आहे, म्हणून ते नवऱ्यानेच म्हणायचं, आणि आपल्याच बायकोला. दुसऱ्याच्या बायकोला तसं म्हणणं उद्धटपणा.

यावर यू पानियेमने विचारलं होतं, "म्हणजे गावातल्या सगळ्या नवऱ्यांच्या वतीने तुम्ही म्हणता. स्वतःच्या वतीने कधी?"

पाक सास्त्रोला तेव्हा खोकला आला. ती म्हणते, चाळीस वर्षं झाली, तो खोकला अजून चालूच आहे.

गुरुवारी दुपारी आम्ही बायका कुराणातली यासीन वाचायला जमतो. या दोन शब्दांवरून तिथे गेल्या रमजानआधी चांगलीच जुंपली होती. बु हेस्ती, म्हणजे हेस्तीबाई, शाळेत शिकवतात, तोंडाने तिखट. त्यांचं म्हणणं, हे शब्द आता पुरून टाका. बाईने मागे राहायचं, धुरात बसायचं, आणि वर त्याला सोबत म्हणायचं. पोथीत सोन्याचा मुलामा दिला म्हणून पितळेचं काही सोनं होत नाही. मला ते पटलं आणि नाहीही पटलं. माझी आई जन्मभर हा शब्द कौतुकाने ऐकत आली होती. यू पानियेम कुराण कपड्यात गुंडाळत होती. ती म्हणाली, "मागे म्हणजे कुठून मागे, बु? माझ्या चुलीकडून बघा. मांडवच मागे दिसतो."

सगळ्या हसल्या. बु हेस्तीही हसल्या, पण म्हणाल्या की हे चुलीशी म्हणणं सोपं आहे, माइकवर जाऊन म्हणा. तेव्हा तो टोमणा होता. काल तो आठवून माझ्या अंगावर काटा आला.

दोन वर्षांपूर्वी पाक सास्त्रोच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. गाठ निघाली, जीव वाचला, अल्हम्दुलिल्ला, पण आवाज गेला. राहिली ती नुसती कुजबुज, वाळक्या पानांवरून कुणी चालल्यासारखी. माइक मास गिलांगकडे आला. पोरगा चांगला आहे, जुन्या बोलीचं शिक्षण घेऊन आलाय, उच्चार स्वच्छ. भाषण कागदावर नाही, मोबाइलवर ठेवतो. लग्नाच्या आदल्या दिवशी तो शिस्तीने परसात आला आणि यू पानियेमला, मोठ्या मावशीला हाक मारावी तसं, म्हणाला, "बुदे, एकदा वाचून दाखवू का? थोडं बदललंय."

यू पानियेमच्या मांडीवर छोट्या कांद्यांची सुपली होती. तिने मान वर केली नाही. "बोलणं तेच असतं रे. मला तोंडपाठ आहे. तू घसा सांभाळ."

मी तिच्या शेजारीच बसले होते. मलाही काही वाटलं नाही. एवढीच काय ती चूक. बघायला गेलं तर केवढीशी.

लग्न होतं बु रुबिनाहच्या मुलीचं, नुनिकचं. बु रुबिनाह बदकं पाळते, अंडी खारवून बाजारात विकते. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगी एकुलती एक. मुलाकडची माणसं सुराबायाची, शहरी, दोन बस भरून आलेली. बापाच्या जागी बु रुबिनाहचा भाऊ बसला होता, पण घरधनी म्हणून नाव तिचं एकटीचं. गेलं वर्षभर ती मला वाटेत भेटली की एकच बोलायची. नवरा असता तर लोकांनी उणंदुणं पोटात घातलं असतं, बाईमाणसाच्या घरचं कुणी घालत नाही. म्हणून भात माझ्या शेतातला, पोटभर, गरम. साडेतीनशे माणूस माझ्या दारातून जेवून गेलं पाहिजे. बाकी काही कमी पडो.

काल सकाळी दहाला मांडव भरला. चहा गेला, खाऊ गेला. सूप गेलं. परसात मोठ्या हंड्यांवरचा भात उतरला होता आणि साडेतीनशे ताटल्या केळीच्या पानाखाली झाकून फळ्यांवर मांडल्या होत्या. भात, म्हशीच्या कातडीच्या तळलेल्या पापडाची तिखट आमटी, बटाटे, कोंबडी, खारवलेल्या अंड्याचं अर्धं. बर्फवाला नेहमीपेक्षा लवकर आला होता आणि ऊन असं, की यू पानियेमने लादी लगेच फोडायला लावली. पेल्यांत फळं आणि सरबत आधीच घालून ठेवलेलं. चौघी बायका बर्फ भरायला लागल्या होत्या. सगळं वेळेच्या पुढे. आम्ही खुशीत होतो.

भोंग्यातून मास गिलांगचा आवाज येत होता. तो बु रुबिनाहबद्दल बोलायला लागला. माइकवर असं कधी कुणी बोलत नाही, म्हणून कान तिकडे लागले. म्हणाला, आज या घरचा धनी आपल्यात नाही. तो असता तर सगळ्यात आधी त्याने हिच्याकडे बोट दाखवलं असतं. त्याच्या वतीने मी म्हणतो, ही पाहा त्याची कोंचो विंगकिंग, जी आज एकटी पुढे बसली आहे.

मला भरून आलं. पदराने डोळे पुसले. आणि त्याच वेळी माझ्या कानाशी झाकणावर पळी वाजली.

तीन ठोके.

मी यू पानियेमकडे पाहिलं. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. ती भोंगा ऐकत होती, आणि हात आपोआप चालला होता. हाताने चाळीस वर्षांची खूण ओळखली, डोक्याला विचारलंच नाही. वाढप्यांनीही विचारलं नाही. यू पानियेमच्या ठोक्यावर प्रश्न कुणी विचारत नाही. बर्फाची ताटं खांद्यांवर चढली आणि रांग भिंतीच्या फटीतून पुढे गेली. मी पाहत होते. माझ्या मनात आलं, शहरची माणसं आहेत, काही वेगळं ठरलं असेल. अल्लाह माफ करो, मीही तोंड उघडलं नाही.

प्रत्येक वाढप्याची दोन-तीन ताटं जाऊन आणखी ताटं घ्यायला रांग परतली तेव्हा यू पानियेमची नजर केळीच्या पानांवर गेली. साडेतीनशे ताटल्या, एकही हललेली नाही. तिचा चेहरा पिठासारखा झाला. तिने वाढप्यांना हाताने थांबवलं, पण पुढच्या निम्म्या मांडवाला बर्फ पोचला होता.

मी फटीतून डोकावले. पुढच्या रांगांत गावची वडीलधारी. पेले हातात घेऊन एकमेकांकडे बघत होते. कुणाला काही कळेना, पण बर्फ आला आहे हे तर दिसत होतं. सरपंचांनी दोन घोट घेतले, टोपी सारखी केली आणि उठले. ते उठले म्हणजे गाव उठणार. मागच्या रांगांत बायका पर्स काखेला लावायला लागल्या. सुराबायाची माणसं बसूनच होती, त्यांना आमची खूण ठाऊक नाही. त्यांना एवढंच दिसत होतं, की मुलीकडचा गाव जेवणाआधी उठून चाललाय. वर मंचावर बु रुबिनाह. तिला कळलं होतं. ती हलली नाही, रडली नाही. नुसती दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरून बसली, जणू खुर्चीच कुणी काढून नेतंय. मास गिलांग मोबाइलवर बोट फिरवत होता. त्यात या वेळेला म्हणायचं काही लिहिलेलं नव्हतं.

पहिल्या रांगेत डावीकडे पाक सास्त्रो. त्याच्या हातात पेला, तोंड उघडं. चाळीस वर्षं मांडव शब्दांनी बांधून ठेवलेला माणूस, आणि त्या क्षणी त्याच्याकडे पुरेसा आवाज नव्हता.

यू पानियेमने पळी माझ्या हातात दिली. "दिक, धाकटे, झाकणाजवळ उभी राहा. माझं बोलणं थांबलं की दोन वाजव."

मी म्हटलं, यू, कुठे. पण ती फटीतून गेलीसुद्धा. परसातली बाई मांडवात जात नाही. निदान त्या कपड्यांत नाही. कमरेला राखेचा हात पुसलेलं फडकं, केस कपाळाला चिकटलेले, पायात रबरी चपला. पन्नास बायका भिंतीला चिकटल्या. बु हेस्तींनी माझा दंड असा धरला की आज तिथे निळं झालंय.

तिने मास गिलांगच्या हातातून माइक घेतला. हिसकावला नाही, लेकराच्या हातातून सुरी घ्यावी तसा काढून घेतला. आणि तिने तोंड उघडलं तेव्हा भोंग्यातून दरबारी बोली आली. पाक सास्त्रोचीच वाक्यं, त्याचीच चाल, त्याचेच थांबे, फक्त आवाज बाईचा. मान्यवर वडीलधाऱ्यांच्या पायांशी माझं लहानपण ठेवते, इथपासून. सरपंच जागच्या जागी थबकले. असं ऐकताना माणूस चालत नाही, ते आमच्या हाडांत आहे. पण तिसऱ्या वाक्याला तिच्याकडचे दरबारी शब्द संपले. अशा प्रसंगासाठी पाक सास्त्रोने काही रचलेलंच नव्हतं ना. मग ती आमच्या बोलीत बोलली, परसातल्या.

"मी मागची सोबतीण. मागून आलेय, भाताजवळून. तुमच्या हातात जो पेला आहे तो निरोपाचा नाही, ती माझी चूक आहे. पोराने जे म्हटलं ते बरोबर म्हटलं. ते शब्द नवऱ्याने म्हणायचे असतात, आणि रुबिनाहचा नवरा मातीत आहे, म्हणून त्याने त्याच्या वतीने म्हटले. मी ते शब्द ऐकले की बर्फ पाठवते. चाळीस वर्षं पाठवतेय. आज माझा हात पुढे धावला. आता माझी चूक खुर्चीखाली ठेवा आणि बसा. भात उतरलाय. तो रुबिनाहच्या शेतातला आहे. तुम्ही तो न खाता गेलात तर ती काही बोलणार नाही. मी तिला ओळखते. म्हणून मी बोलतेय."

ती थांबली. माझ्या हातात पळी होती आणि हात उचलेना. पाहिलं तर सगळा गाव उभा, सगळे सरपंचांकडे बघताहेत, आणि सरपंचांना कळत नाही कुठे बघावं.

तेव्हा पाक सास्त्रो वाकला. म्हातारा माणूस, कडक रेशमी कोट, कमरेत रिवाजाचा खंजीर खोचलेला. सावकाश, सगळ्यांना दिसेल असा वाकला, आपला पेला खुर्चीखाली जमिनीवर ठेवला, खुर्चीत बसला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. भाताची वाट बघणारा पाहुणा बसतो तसा.

सरपंचांनी पेला खुर्चीखाली ठेवला. मग त्यांच्या बायकोने. मग रांगेने रांगेने, खुर्च्या करकरत, पेलेवाले वाकले आणि अख्खा मांडव बसला. सुराबायाची माणसंही घाईघाईने वाकली, आपणच मागे राहायला नको म्हणून.

मी झाकणावर पळी हाणली. दोन. एवढ्या जोरात, की झाकणाला पोचा आलाय. तो मी भरून देणार आहे.

मग काय धावपळ. बु हेस्ती, ज्यांनी तीन दिवस फक्त काकड्या चिरल्या होत्या, त्या खांद्यावर ताट घेऊन वाढप्यांच्या रांगेत घुसल्या. केळीची पानं उडाली, वाफा निघाल्या, साडेतीनशे ताटल्या दहा मिनिटांत पुढे गेल्या. यू पानियेम परत आली, माझ्या हातातून पळी घेतली आणि दुसऱ्या वाढीच्या भातावर पाणी शिंपडायला लागली. कुणी तिला बसायला पाट दिला, तर तिने त्यावर आमटीचं पातेलं ठेवलं.

लोक जेवले. असे जेवले, की दुसरी वाढ मागितली, आणि आमच्याकडे मांडवात दुसरी वाढ कुणी मागत नाही. बु रुबिनाहचे हात खुर्चीवरून सुटले होते. नुनिक तिच्या कानात काहीतरी बोलली आणि दोघी हसल्या, ते मी फटीतून पाहिलं.

आणि मग नवीनच घोळ. जेवण संपलं, ताटल्या परत आल्या, आणि कुणी उठेना. उठणार कसं? बर्फ यायचा होता, आणि बर्फ तर खुर्चीखाली. मास गिलांगने क्षमेचं शेवटचं वाक्य म्हटलं, पण ते दोन शब्द गाळून, बिचारा इतका घाबरला होता. पाहुणे बसून. पाच मिनिटं, दहा मिनिटं. सरपंच छताकडे बघताहेत. वधू-वर हसून हसून थकलेले. उरलेले पेले पाठवावेत तर निम्म्या मांडवालाच पुरतील, मग निम्म्यांनी जायचं आणि निम्म्यांनी बसायचं का? यू पानियेम कपाळाला हात लावून म्हणाली, आता यांना संध्याकाळचंही घालावं लागणार.

पुन्हा पाक सास्त्रोच. तो वाकला, खुर्चीखालचा पेला काढला. बर्फाचं पाणी झालेलं, लाल कोमट सरबत, काठावर दोन मुंग्या. त्याने मुंग्या बोटाने बाजूला केल्या, बिस्मिल्ला म्हणून एका दमात पेला रिकामा केला आणि उठला. लगेच सगळा मांडव वाकला. साडेतीनशे माणसं, त्यातली निम्मी शेजाऱ्याचा पेला वाटून घेणारी, कोमट सरबत गंभीर चेहऱ्याने प्यायली आणि हात जोडून बाहेर पडली.

मुलाच्या आत्याने जाताना बु हेस्तींना गाठलं. तिला विचारायचं होतं, पेला खुर्चीखाली ठेवायची ही तुमच्याकडची रीत फार सुंदर आहे, तिचा अर्थ काय. बु हेस्तींनी डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं, मुलीचं डोकं संसारात थंड राहावं म्हणून. आत्याने ते मोबाइलमधे लिहून घेतलं.

पाहुणे गेल्यावर बु रुबिनाह मागे आली, अंगावर सोन्याची जर, डोक्यात मोगरा. ती यू पानियेमच्या समोर उकिडवी बसली आणि दोघींनी एकाच ताटलीतून हाताने भात खाल्ला. बु रुबिनाहही आदल्या रात्रीपासून उपाशी होती, हे तेव्हा आम्हाला कळलं. भात बरा झालाय, एवढंच बु रुबिनाह म्हणाली.

मास गिलांग येऊन माफी मागायला लागला. यू पानियेमने त्याला घास संपेपर्यंत ताटकळत ठेवलं आणि सांगितलं, की पुढच्या लग्नाच्या आदल्या दिवशी त्याने इथे बसून सगळं भाषण वाचायचं, ती कितीही तोंडपाठ म्हणाली तरी. त्याने विचारलं, बुदे, ते दोन शब्द काढून टाकू का. बु हेस्तींनी कान टवकारले. यू पानियेम म्हणाली, "काढतोस कशाला. भाताआधी म्हणू नकोस, एवढंच." बु हेस्ती काकड्यांची सालं गोळा करायला लागल्या. येत्या गुरुवारी बोलतील, मला खात्री आहे.

मग भिंतीच्या फटीतून पाक सास्त्रो आत आला. इतक्या वर्षांत मी त्याला परसात पाहिलं नव्हतं. मागोमाग ती सुराबायाची आत्या, बस सुटायला वेळ होता म्हणून माइकवर बोललेली बाई कोण हे बघायला आलेली. तिने विचारलं, ह्या कोण? पाक सास्त्रोने टोपी सारखी केली, दोन्ही हात पोटाशी जुळवले, मान लववली. जुन्या पोथीतला माणूस पाहुण्यापुढे उभा राहावा तसा. आणि त्या वाळक्या पानांच्या आवाजात म्हणाला, "ही माझी कोंचो विंगकिंग."



यू पानियेमने तोंडातला घास गिळला. "ऐकू आलं नाही," ती म्हणाली.

त्याला पुन्हा म्हणायला लागलं. या वेळी त्याने घसा ताणला, शिरा फुगल्या, आणि पार शेवटच्या चुलीपर्यंत ऐकू गेलं.

यू पानियेमचा हात आपसूक पळीकडे गेला. पण ती मी आधीच उचलून पाठीमागे धरली होती.